दोरीला हात

आमच्या वाडीतली मुलगी कुडाळला सौंदर्यस्पर्धा जिंकली आणि आठवड्याच्या आत आमच्या मुंबई मंडळात भांडण लागलं. पुढची फेरी मुंबईत आहे. प्रवेश फी, प्रवास, राहणं, कपडे असा २५ हजारांचा खर्च. मंडळाच्या शिलकीतून तो द्यावा, असं एकाने सुचवलं, तर अण्णा उसळले. "देवाच्या पैशातून असली थेरं नकोत. पोरीबाळींनी स्टेजवर मिरवणं आपल्यात बसत नाही." रविवारी दुपारी मी डब्लिनमध्ये भांडी घासत फोनवर सभा ऐकत होतो. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आपल्यात बसत नाही? आपल्या जत्रेत रात्रभर दशावतार चालतो. स्त्रीपार्टी नट लुगडं नेसून, गजरा माळून पुढे आला की अण्णाच पहिल्या रांगेतून बक्षीस लावतात. त्या नटाची चाल, मान वळवणं, पदर सावरणं यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलणं चालतं. पुरुष बाई होऊन देखणा दिसला तर ती कला, आणि बाई स्वतः उभी राहिली तर थेरं, हे मला पटत नाही. गेल्या वर्षी जत्रेच्या लायटिंगला आणि स्पीकरला यापेक्षा जास्त पैसे गेले. तेव्हा देवाचा पैसा कोणाला आठवला नाही.

शिवाय ती एकटी उभी नव्हती. तिची आई मालवणच्या बाजारात मासे विकते. वाडीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकीने रात्री जागून गाऊन शिवला, त्याचे पैसे घेतले नाहीत. नथ मावशीची. पार्लरवालीने महिनाभर दुकान बंद झाल्यावर आरशासमोर चालायला शिकवलं. प्रश्नोत्तरांची तयारी शाळेतल्या निवृत्त बाईंनी करून घेतली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रापणीवाल्यांनी एका दिवसाच्या ओढीतला एक वाटा तिच्यासाठी बाजूला काढला. रापण काय असते ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. दोन टोकांना दोन दोऱ्या, सगळ्यांनी मिळून ओढायचं, जाळं किनाऱ्याला लागलं की वाटे पडतात. पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या यांत्रिक जाळ्यांच्या बोटींनी, समुद्र खरवडून नेल्यापासून त्या वाट्यात असतं तरी किती! त्यातूनही त्यांनी दिलं. या बायकांनी आणि रापणकरांनी निकाल आधीच लावला होता. मुंबईच्या सभेने त्यावर फक्त मान डोलवायची होती.

इथे आयर्लंडमध्ये, केरी परगण्यात, ट्रली नावाचं गाव आहे. १९५९ पासून तिथे स्पर्धा भरते, मुलींमधून त्या वर्षाची 'रोझ' निवडतात. ऑगस्टमधल्या त्या रात्री आमच्या गल्लीत घराघरात आरटीई, म्हणजे इथलं सरकारी टीव्ही चॅनेल, लागलेलं असतं. मुलींच्या मागे त्यांच्या गावची दुकानं, पब, क्रेडिट युनियन म्हणजे पतपेढ्या उभ्या असतात. कोणी दुकानाच्या काचेवर तिचा फोटो लावतो, कोणी जीएए क्लबच्या, म्हणजे गावच्या आयरिश खेळांच्या क्लबच्या, हॉलमध्ये पैसे जमवतो. कोणी संस्कृतीचं नाव काढून अडवत नाही. जुनाट आहे म्हणून इथेही टीका होते, नाही असं नाही. पण त्यांनी नियम बदलले, २०२१ साली विवाहित मुलींनाही भाग घेता येईल असं जाहीर केलं. आपल्याकडे चर्चा अजून स्टेजवर चढण्याशीच अडली आहे.

आणि स्टेजवर गेलेली मुलगी वाया जाते म्हणणाऱ्यांना रीटा फारिया आठवत नाही का? मूळची गोव्याची, म्हणजे आपल्याच किनाऱ्याची. १९६६ साली मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली. तेव्हा ती मुंबईत डॉक्टरी शिकत होती. मुकुट मिळाल्यावर शिक्षण पुरं केलं, डॉक्टर झाली आणि पुढे याच डब्लिनमध्ये स्थायिक झाली.

हे सगळं मी सभेत बोललो. चांगलं बोललो असं वाटलं. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "तू थंय बसान वाट्याचा बोलू नको. दोरयेक हात लावता तेकाच वाटो."

मी फोन ठेवला. राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. दर वर्षी जत्रेची वर्गणी मी सर्वांच्या आधी पाठवतो. अण्णा स्वतः पन्नास वर्षं परळला राहिले, दोरीला त्यांनी तरी शेवटचा हात कधी लावला? पण ते चुकीचं बोलले असंही मला म्हणता येत नाही. मी रापण ओढायला शेवटचा उभा राहिलो तेव्हा मला मिसरूड फुटलं नव्हतं.

ट्रलीच्या स्पर्धेबद्दल एक गोष्ट मी सभेत सांगितली नाही. गाव सोडून गेलेल्यांच्या मुलीही तिथे चालतात. १९६७ पासून आयरिश वंशाची मुलगी जगात कुठेही राहत असली तरी भाग घेऊ शकते. सिडनीची, न्यूयॉर्कची, दुबईची रोझ येते. २०१० साली लंडनची मुलगी जिंकली, क्लेअर कंबामेट्टू. आई आयरिश, वडील भारतीय. त्या रात्री सोफ्यावर बसून मी रडलो होतो, आणि बायकोला कारण सांगता आलं नव्हतं. माझी मुलगी इथे जन्मली. उद्या तिला ट्रलीत उभं राहता येईल. आमच्या जत्रेत मात्र तिला 'पावणी' म्हणून खुर्ची देतात, आणि ती मुकाट्याने बसते.

कुडाळला शेवटच्या फेरीत आमच्या मुलीला विचारलं, दहा वर्षांनी कुठे असशील? ती म्हणाली, "बंदरावर. आईच्या पाटीशेजारी माझी शीतपेटी असेल, आणि मासे मी थेट हॉटेलांना देत असेन." हॉलभर टाळ्या पडल्या. मीही इथे स्वयंपाकघरात उभा राहून वाजवल्या. ती राहणार म्हणाली म्हणून वाजवल्या. मी राहिलो नाही, आणि तिने राहावं असं मला वाटतं. हे मागायचा मला काय हक्क, ते कळत नाही. उद्या तिला जावंसं वाटलं तरी माझे पैसे तिच्यामागे राहतील, एवढं मी ठरवलं.

मंडळाचा निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. काल मी वहिनींना फोन केला, पैसे तुमच्या खात्यावर टाकतो म्हणालो. त्या गप्प राहिल्या आणि फोन पोरीकडे दिला. तिने पैशांचं काही विचारलं नाही. "काका, थंय मोठ्या मापाचे टाचेचे चपल गावतले? हंय माझ्या पायाक एक पण बसना नाय." वाळूत अनवाणी वाढलेला पाय, पंजा रुंद. मी माप पाठव म्हटलं. आज सकाळी फोटो आला. कॅलेंडरच्या पानाच्या मागे पेन्सिलीने काढलेला डावा पाय, शेजारी फूटपट्टी. शनिवारी तो फोटो घेऊन इथल्या हेन्री स्ट्रीटच्या दुकानांत जाणार आहे.