खुलासा : सरकारी वकिलाने बंद केलेला खाजगी खटला

इंग्लंडमध्ये खाजगी फिर्यादीचा खटला सरकारी अभियोग विभाग, म्हणजे सीपीएस, ताब्यात घेऊन बंद करतो आणि ‘त्याविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नाही’, असा एक मेसेज फिरतोय. पहिला भाग बरोबर, दुसरा साफ चूक.

तिथल्या १९८५ च्या ‘प्रॉसिक्यूशन ऑफ ऑफेन्सेस अ‍ॅक्ट’च्या कलम ६(२) नुसार सीपीएस खटला हाती घेऊ शकतो. मॅजिस्ट्रेट कोर्टात कलम २३ ची नोटीस दिली की खटला थांबतो. कोर्टाची परवानगी लागत नाही. (आपल्याकडे उलट : सरकारी वकिलाला खटला मागे घ्यायचा तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३६० खाली कोर्टाची संमती हवीच.)

पण सीपीएसच्या या निर्णयाचं न्यायिक पुनर्विलोकन (निर्णय कायद्याला धरून झाला का, याची कोर्टाकडून तपासणी) तिथल्या हायकोर्टात मागता येतं. आधी परवानगीचा अर्ज, तोही विनाविलंब आणि कमाल ३ महिन्यांत. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर ‘उशीर’ म्हणून फेटाळला जाऊ शकतो.

बहुतेकांची गाडी अडते ती ‘माझा पुरावा भक्कम आहे’ इथे. कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. सीपीएसने स्वतःचं धोरण पाळलं का, निर्णय तर्कहीन आहे का, एवढंच पाहतं. खाजगी खटला चालू राहायला दोषसिद्धीची शक्यता निम्म्याहून जास्त हवी, ही सीपीएसची २००९ ची कसोटीही ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये गुजरा प्रकरणात ३ विरुद्ध २ मतांनी वैध ठरवली. जिंकलात तरी सहसा निर्णय रद्द होऊन फेरविचारासाठी सीपीएसकडेच जातो.