हरवलेल्या चित्राची कादंबरी: होतकरू लेखकांस काही सूचना

साहित्यिक म्हणवणाऱ्या कादंबरीकाराने रहस्यकथा लिहिणे थोडे कमीपणाचे मानले जात असल्यामुळे, ती लिहायचीच असेल तर आपण प्रथम खुनाला रजा द्यावी आणि त्याच्या जागी एक हरवलेले चित्र आणून ठेवावे. खून झाला की वाचक खुनी कोण हे विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत लेखकाची मानगूट सोडत नाही. चित्र हरवले की तोच वाचक गंभीर होतो आणि लेखकाला कलेविषयी काही सखोल म्हणायचे असणार या भरवशावर तीनशे पाने निमूटपणे वाट पाहतो.

चोरी कशी झाली याच्या तपशिलात आपण फारसे शिरू नये, कारण खऱ्या चोऱ्या कादंबरीच्या कामाच्या नसतात. १८ मार्च १९९० च्या पहाटे बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयात पोलिसांच्या वेषात शिरलेल्या दोघांनी व्हर्मीर या सतराव्या शतकातील डच चित्रकाराचे एक चित्र आणि रेम्ब्रांटचे एकमेव ज्ञात सागरचित्र पळवले, हे आपल्याला चालण्यासारखे आहे. परंतु याच चोरांनी त्या संग्रहाचा मानबिंदू समजले जाणारे टिशियनचे चित्र भिंतीवर तसेच राहू दिले आणि नेपोलियनकालीन ध्वजाच्या काठीवरचा ब्राँझचा गरुड मात्र उचलून नेला. असला चोर आपल्या कादंबरीत आला तर संपादक त्याला हसून बाहेर काढील. आपला चोर सौंदर्याने घायाळ झालेला असावा आणि त्याने बरोबर तेच चित्र न्यावे, ज्याच्या कोपऱ्यातील अर्धवट रंगवलेल्या खिडकीत आपल्या नायकाचे बालपण अडकले आहे.

नायक हा चित्रांचे जतन आणि दुरुस्ती करणारा असावा, म्हणजे त्याला दिवसभर भिंगातून पाहत बसण्याचा पगार मिळतो आणि आपल्याला वर्णनाची सोय होते. त्याच्या आयुष्यातील एक उन्हाळा त्याला आठवत नसावा. या विस्मरणाची आखणी मात्र फार काळजीपूर्वक करावी लागते. त्या उन्हाळ्यातील पडद्यांचा रंग, जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा आवाज, टेबलावरील फळे आणि मावशीच्या हातमोज्यांचा वास त्याला लख्ख आठवला पाहिजे, आणि चित्र कोणी कोणाच्या हाती दिले, एवढेच नेमके आठवता कामा नये. हलक्या प्रतीच्या रहस्यकथेत लेखकाने पुरावा दडवला तर वाचक त्याला लबाड म्हणतात. आपण तोच पुरावा नायकाच्या डोक्यात दडवला, तर ते स्मृतीविषयीचे चिंतन ठरते.

येथे मानसशास्त्रापासून दूर राहावे, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले आणि गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा वेग किती होता, असे इतरांना विचारले. चुराडा हा शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त जणांनी आठवड्याभराने, चित्रफितीत कोठेही नसलेल्या फुटक्या काचाही पाहिल्याचे सांगितले. म्हणजे स्मृती कादंबरीत असते तशी धुक्यात हरवून बसत नाही. विचारणाऱ्याला जे हवे असल्याचा वास येतो, ते ती रंगवून देते आणि खाली ठळक सही करते. हे एकदा मान्य केले की आपला नायक हताशपणे खिडकीबाहेर पाहण्याऐवजी छातीठोकपणे खोटे आठवू लागेल आणि वाचकाला प्रत्येक पानावर सावध राहावे लागेल. एवढे कष्ट वाचकाला देणे आणि त्याआधी स्वतः घेणे आपल्याला परवडणार आहे काय?

आता बनावट चित्रे काढणाऱ्या नकलाकाराकडे वळू. तो दुःखी, अलौकिक प्रतिभेचा आणि जगाने नाकारलेला असला पाहिजे, हे सांगायला नको. या कामासाठी सर्वजण हान व्हान मेगेरेन या डच नकलाकाराकडे जातात, तर आपणही जावे, परंतु उंबरठ्यावरूनच परत यावे. सतराव्या शतकातील कॅनव्हासवरचे जुने चित्र खरवडून काढणे, तेलाऐवजी बेकलाइट या जुन्या प्लास्टिकच्या जातीची राळ रंगात मिसळणे, चित्र भट्टीत भाजून कडक करणे, मग ते गुंडाळून तडे पाडणे आणि त्या तड्यांत काळी शाई भरणे, हे सर्व आपण घ्यावे. त्यातून प्रकरणाला उत्तम वास येतो. १९३७ मध्ये अब्राहम ब्रेडियस या वयोवृद्ध आणि मातब्बर जाणकाराने मेगेरेन यांचे, येशूच्या एम्माउस गावातील भोजनाचे चित्र व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हणून जाहीर केले आणि रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी ते घेतले गेले, हेही घ्यावे.

यापुढचे मात्र सोडून द्यावे. जाणकार का फसले, हा प्रश्न विचारला तर उत्तर नकलाकाराच्या प्रतिभेत सापडत नाही. ती चित्रे आज पाहिली की जड पापण्यांचे, फुगीर, १९३० च्या दशकातील चित्रपटांत शोभतील असे चेहरे समोर येतात आणि यांना व्हर्मीर कसे म्हटले गेले असेल, असा प्रश्न पडतो. व्हर्मीरने तरुणपणी इटालियन वळणाची आणखी धार्मिक चित्रे काढली असली पाहिजेत, असा तर्क जाणकारांनी आधीच मांडलेला होता. मेगेरेन यांनी त्या तर्काच्या रिकाम्या जागेच्या मापाचे चित्र बेतून दिले. तज्ज्ञाने स्वतःचाच सिद्धांत ओळखला आणि त्याला तो व्हर्मीर वाटला. लॉफ्टस यांच्या प्रयोगातील फुटकी काच ती हीच. स्मृती आणि बनावट चित्र यांचा खराखुरा सांधा येथे आयता हाती लागतो आणि म्हणूनच आपण त्याला हात लावू नये, कारण तो सापडला की उरलेली दोनशे पाने कशाने भरायची, हा प्रश्न उभा राहतो.

मेगेरेन यांचा शेवटही गैरसोयीचा आहे. युद्धानंतर १९४५ मध्ये, राष्ट्रीय ठेवा नात्सी नेता गोरिंग याच्या हाती जाऊ दिल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली, तेव्हा ते व्हर्मीर आपणच रंगवल्याचे त्यांनी सांगितले आणि ते सिद्ध करण्यासाठी त्यांना पहारेकऱ्यांच्या देखत आणखी एक चित्र काढून दाखवावे लागले. स्वतःचे पितळ उघडे पाडण्यासाठी धडपडणारा आरोपी हे फारच विनोदी दृश्य आहे, आणि विनोद पुरस्कार समित्यांना सोसत नाही.

कागदपत्रांविषयी एकच नियम पाळावा. चित्राच्या चौकटीमागे एक पिवळे पडलेले पत्र सापडावे, त्याची शाई ऐन नावाच्या ठिकाणी पुसलेली असावी. प्रत्यक्षात बनावट चित्र तगते ते मालकीच्या इतिहासावर, आणि तो इतिहास पावत्या, सूचिपत्रे आणि शिक्क्यांच्या रुक्ष मार्गाने सिद्ध होतो. जॉन ड्रू या गृहस्थाने लंडनचे टेट कलासंग्रहालय आणि इतर संस्थांच्या दफ्तरखान्यांत प्रवेश मिळवला आणि तेथील नोंदींतच खोटे कागद घुसवून ठेवले. त्याच्यासाठी चित्रे काढणारे जॉन मायट घराच्या भिंतींना लावायचा रंग वापरत होते, तरी ती खपली, कारण खरेदीदार चित्राआधी कागद पाहत होता. १९९९ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली. संस्थेच्या आठवणीतच कोणीतरी खोटी आठवण पेरून ठेवतो, ही कल्पना कोणत्याही विसराळू नायकापेक्षा भीतिदायक आहे, परंतु तिच्यात दफ्तरदार, विनंतीअर्ज आणि दुपारी बंद होणारे वाचनकक्ष येतात. त्यांच्यावर काव्यमय वाक्य लिहिणे जमत नाही.

रसायनशास्त्राला अर्ध्या ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नये. वोल्फगांग बेल्ट्राकी या जर्मन नकलाकाराने १९१४ चे म्हणून खपवलेल्या चित्रात टिटॅनियम पांढरा हा रंग सापडला, जो त्या काळी चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता. वर्षानुवर्षांचा सुखी संसार एका नळीतल्या रंगाने कोलमडला. आपल्या कादंबरीत असा अहवाल प्रयोगशाळेतून आलाच, तर नायकाने तो न उघडता शेकोटीत टाकावा. त्याने असे का केले हे विचारले जाणार नाही, फक्त त्या ज्वाळेचे वर्णन चांगले उतरले पाहिजे.

शेवटी चित्र अस्सल होते की बनावट, हे कोणत्याही परिस्थितीत सांगू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि येथे तर मुठीत काय आहे हे आपल्यालाही ठाऊक नसते. एखादा चिकट वाचक प्रकट मुलाखतीत उभा राहून विचारील की, एकशे बाराव्या पानावर चित्र लाकडी फळीवर होते, ते दोनशे नव्वदाव्या पानावर गुंडाळून छत्रीत कसे लपवले. अशा वेळी गोंधळून जाऊ नये. क्षणभर डोळे मिटावेत, नायकाच्या स्मृतीवर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे असे म्हणावे, आणि पुढचा प्रश्न घ्यावा.