दक्षिणेसाठी निघालेला माणूस खोटं कशाला बोलेल?

कादंबऱ्या बाजूला ठेवून सध्या मी खऱ्याखुऱ्या गोष्टींच्या पुस्तकांच्या मागे लागले आहे. अभ्यासबिभ्यास काही नाही. वाचनालयात हाताला लागेल ते आणायचं, पटलं तर पूर्ण करायचं, नाही पटलं तर मुकाट परत करायचं. पण एवढ्या वाचनातून एक मत मात्र पक्कं झालंय, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. जो लेखक स्वतःच्या पोटापाण्याची गोष्ट लपवत नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. बाकीच्यांचं मी नुसतं ऐकून घेते.

सुरुवात विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पासून झाली. या पुस्तकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण 'वाचलंय का?' विचारलं की लोक विषय बदलतात. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दानधर्म लाखांच्या घरात होणार, असं कानावर येतं आणि हे काकांबरोबर निघतात. साल 1857! वाटेत महूपाशी शिपायांकडून काडतुसांची आणि येऊ घातलेल्या गडबडीची कुणकुण लागते, तरी पुढे जातात. क्रांती बघायला नाही हो, दक्षिणा मिळवायला. आणि हे ते सरळ सांगतात. कुठे काय मिळालं, कुणी जेवायला काय घातलं, जवळचं कुठे लुटलं गेलं, सगळं येतं.

म्हणूनच झाशीचा वेढा येतो तेव्हा मी एकेका ओळीवर विश्वास ठेवला. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या, कत्तल झाली, आणि मग लूट. तीसुद्धा पाळीपाळीने. आधी सोनं-नाणं, मग भांडीकुंडी, मग कापड आणि धान्य. त्या सगळ्यात या माणसाला राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाल्याची वेगळी हळहळ आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते. दमलेली, तहानलेली, घोड्यावरून आलेली. हे पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नका काढू, मी काढते. चौकातल्या पुतळ्यांमधली राणी मला कधीच इतकी जवळची वाटली नव्हती. शेवटी विष्णुभट घरी आले ते गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन. मिळवलेल्या पैशातलं फारसं काही उरलं नव्हतं. कर्जाचं काय झालं असेल, हा प्रश्न मला राणीच्या मृत्यूपेक्षा जास्त छळत राहिला. हसा हवं तर.

त्यानंतर युवाल नोआ हरारीचं मानवजातीच्या इतिहासावरचं 'सेपियन्स' घेतलं, वासंती फडके यांच्या मराठी अनुवादात. सगळ्यांनी वाचलंय, म्हणून जास्त लिहीत नाही. हरारी हुशार माणूस आहे यात शंकाच नाही. शेतीची क्रांती ही इतिहासातली सगळ्यात मोठी फसवणूक, माणसाने गहू पाळला नाही तर गव्हाने माणसाला पाळलं, हे वाचताना मी पण मान डोलावली. पण पुस्तक मिटल्यावर वाटलं, या एवढ्या मोठ्या मानवजातीत एक तरी माणूस नावानिशी, तहानभुकेसकट भेटला का? सत्तर हजार वर्षं विमानातून बघितल्यासारखी.

आणि योगायोगाने पुढचं पुस्तक निघालं त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा', 1915 सालचं. आत्रे मुलकी खात्यातले. हरारी म्हणतो शेतकऱ्याला गव्हाने फसवलं. आत्रे आपल्याला सरळ खळ्यावर नेऊन उभं करतात आणि दाखवतात, बघा, धान्याची रास पडली की टोपली घेऊन कोण कोण उभं आहे. बलुतेदार, अलुतेदार, गोसावी, बैरागी, फिरस्ते, वर पाटील-कुळकर्णी आणि दौऱ्यावर आलेल्या साहेबाची सरबराई आहेच. कुणब्याच्या हातात काय उरतं ते तुम्हीच मोजा. फसवणूक कशी होते, हे मला या पुस्तकात कळलं. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, सुरुवातीला दम लागतो. पण सोडू नका.

एक गोष्ट मात्र खटकली, आणि चांगलीच खटकली. फिरस्त्यांचा विषय निघाला की आत्र्यांच्या लेखणीला धार चढते. ही सगळी आयतखाऊ आणि चोरटी मंडळी, कुणब्याच्या मानेवर बसलेली, असा सूर लागतो. 'गुन्हेगार जाती' नावाचं स्वतंत्र पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. तो काळ तसाच होता, असं म्हणून मला ते सोडून देता येईना.

म्हणून मुद्दाम लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन काढलं. 1987 चं पुस्तक, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांच्यातला हा मुलगा, लातूरकडचा. कायदा गेला 1952 साली, शिक्का काही पुसला नाही. चोऱ्या कशा केल्या जायच्या, पोलीस घरात घुसून कसे मारायचे, भूक कशी असते, काहीही झाकलेलं नाही. लक्ष्मण शाळेत जायला लागला आणि वस्तीत पोरं आजारी पडली, तर लोकांनी दोष त्याच्या शाळेला दिला. पुढे सूतगिरणीतली नोकरी, कामगारांची संघटना, आणि ती नोकरीही गेली. आत्र्यांनी खळ्यावर उभं राहून ज्यांच्याकडे बोट दाखवलं, ते इथे तोंड उघडून बोलतात. माझं ऐकाल तर ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचा. एकटं 'गावगाडा' वाचाल तर अर्धाच हिशोब हातात येईल.

मधे यशस्वी कसं व्हावं छापाचं एक पुस्तकही वाचलं, भाच्याने वाढदिवसाला दिलं म्हणून. पहाटे उठा, डायरी लिहा. पहाटे पाणी येतं म्हणून आम्ही उठतोच. पुढे.

आता माझ्याच मताला लागलेली टाचणी. 'माझा प्रवास' 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं. इंग्रजांचा काळ, विषय बंडाचा. त्यांनी भाषेवर हात फिरवला, काही मजकूर गाळला. म्हणजे ज्या मोकळेपणावर मी एवढी भाळले, त्यातला विष्णुभटांचा किती आणि वैद्यांच्या कात्रीतून वाचलेला किती? मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी नंतर आवृत्ती काढली आहे, ती मला आमच्या वाचनालयात मिळाली नाही. कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये सांगा. पुण्या-मुंबईत कुठेही येऊन घेऊन जाईन, पानं न दुमडता परत करीन.