इंजिन तेवढं स्वस्तात पडलं

डेट्रॉइटच्या आसपास घर घेतलं की शेजारी दोनच प्रकारचे मिळतात: गाड्या बनवणारे आणि गाड्या बनवून रिटायर झालेले. माझ्या वाट्याला दुसरा आला. त्यात दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 1995 पासून. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत आठ सिलिंडरची व्ही-एट इंजिनं अशी गुरगुरत जातात की छातीतला कफ सुटावा. दरसाल हे बघून माणसाचं डोकं फिरणारच. माझं फिरलं आणि मी 1968 ची शेव्हरले कॅमॅरो घेतली.

दिसायला पैलवान. बॉनेट उघडलं की आत एका रांगेत सहा सिलिंडर, 230 घनइंच, कंपनीच्याच हिशेबाने 140 हॉर्सपॉवर, आणि जोडीला दोनच गिअरचा पॉवरग्लाइड नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हायवेला लागताना शाळेच्या पिवळ्या बसचा ड्रायव्हर मला हात करून पुढे निघून जायचा.

शेजाऱ्याने बॉनेटसुद्धा न उघडता ओळखलं होतं. काचेतून आतली चासी नंबरची पट्टी वाचली आणि म्हणाला, "123 ने सुरू होतोय. व्ही-एट असती तर 124 असता." इकडच्या शौकीन मंडळींत गाडीचा आणि इंजिनाचा नंबर जुळण्याला छत्तीस गुण जुळल्याचं महत्त्व. पण सहा सिलिंडरवालीच्या पत्रिकेकडे कोण बघतो? म्हटलं, मोडूया.

नवं स्थळ शेव्हरलेच्याच 'एलएस' या व्ही-एट इंजिनांच्या घराण्यातलं. 1997 च्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमधून हे घराणं पुढे आलं आणि दोन वर्षांत पिकअप ट्रकांतही शिरलं. त्यामुळे इथल्या भंगारच्या यार्डात 5.3 लिटरची इंजिनं हवी तेवढी. मागून चेपलेल्या एका ट्रकचं इंजिन, गिअरबॉक्स, कॉम्प्युटर, सगळं मिळून आमच्या घरच्या फ्रिजपेक्षा स्वस्तात मिळालं. "बसतं रे, सगळे हेच बसवतात," शेजारी म्हणाला. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला कसा लागतो, हे त्याने सांगितलं नाही.

नेमके तेव्हाच बाबा आले. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस. नायगारा बघायला नाही म्हणाले आणि गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले. जुनं इंजिन चेनकप्पीने वर उचललं तेव्हा त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. नवं खाली सोडायला लागलो तसे म्हणाले, "थांब. चेंबर लागणार."

"नाही लागत, बाबा."

ठण्ण.

ट्रकला खाली जागाच जागा, म्हणून त्याचं ऑइलचं चेंबर खोल. कॅमॅरोत नेमका तिथेच क्रॉसमेंबर, म्हणजे सांगाड्याची तुळई, आडवा. इंजिन अधांतरी लटकतंय, मी खाली वाकून टॉर्च मारतोय आणि बाबा कप पुन्हा हातात घेऊन म्हणतायत, "फाउंडेशनचं काय केलंस?" इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनही जुळत नव्हतंच. त्याच्या पट्ट्या मागवल्या. 1998 नंतरच्या कॅमॅरोचं उथळ चेंबर मागवलं. एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या बॉक्सला टेकत होता, तोही निराळा मागवला. प्रोपेलर शाफ्ट तर कापूनच आणला. कुरिअरवाला आता मला नावाने हाक मारतो.

पेट्रोलची तर वेगळीच तऱ्हा. जुन्या कार्बोरेटरला पाच-सहा पीएसआयचं प्रेशर पुरायचं. या साहेबांना 58 लागतं. म्हणजे पंप टाकीच्या आत, म्हणून टाकी नवी, आणि टाकी नवी म्हणून लाइनही नवी. जुन्या गाडीत नवी वस्तू एकटी कधीच येत नाही, गोतावळा घेऊन येते.

वायरिंग मी डायनिंग टेबलावर घेतलं. ट्रकचं अख्खं जंजाळ पसरलं, नको त्या वायरी उपटल्या, हव्या त्यांना मास्किंग टेपच्या चिठ्ठ्या लावल्या. बायको दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला फक्त एवढंच सांग, गणपती कुठे बसवायचा?" चिठ्ठ्यांसकट सगळं त्या रात्रीच गॅरेजमध्ये गेलं.

अखेर किल्ली फिरवली. धडाडून सुरू झालं! शेजारी कुंपणापाशी आला, बाबा खुर्चीतून उठले, आणि इंजिन बंद पडलं. परत फिरवली, दोन सेकंद गुरगुर, की बंद. पेट्रोल आहे, स्पार्क आहे, प्रेशर आहे. लॅपटॉप जोडल्यावर उलगडा झाला. कॉम्प्युटर ट्रकची ओळखीची किल्ली शोधत होता. ती सापडेना, तेव्हा ट्रक चोरीला गेलाय अशी त्याची पक्की खात्री झाली होती आणि तो इमानेइतबारे इंजिन बंद पाडत होता.

"बरोबरच आहे त्याचं," बाबा म्हणाले. "ट्रकवाल्याला विचारलं होतंस का?"

त्याची ही चोर पकडायची खोड सॉफ्टवेअरमधून काढली आणि मग मात्र गाडी अशी निघाली म्हणता! ताकद जवळपास दुप्पट. गल्ली संपायच्या आत स्पीडोमीटरचा काटा पार... नाही, काटा शून्यावरच होता. जुन्याला केबल लागते आणि नव्या गिअरबॉक्सला केबल नाही. पण वेग कळत होता. बाबांनी वरचं हँडल दोन्ही हातांनी धरायला बघितलं. 1968 मध्ये ते नव्हतं.

सिग्नलला कशीबशी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "ब्रेक कुठले घातलेस?"

"ते जुनेच आहेत, चारी ड्रम. डिस्कची ऑर्डर दिलीये, मंगळवारी येतील."

बाबांनी शांतपणे दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं आणि खिडकीत वाकून म्हणाले, "तू हो पुढे. मी येतो चालत."