अवघड जागेचे दुखणे आणि जावई टीपीए

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ज्या काळी रुजली, त्या काळी जावई निदान फी तरी मागत नसावा. आता जावयाच्या जागी रुग्णालयातला टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचा, काउंटर आला आहे, आणि मागे रांगेत दहा माणसे उभी असताना तेथे आजाराचे नाव मोठ्याने सांगावे लागते. त्या क्षणीची लाज आपण आधीपासून नीट जोपासली, तर मूळव्याधीच्या साध्या शस्त्रक्रियेतही खिसा किती मोकळा करता येतो, हे सांगण्यासाठी हे मार्गदर्शन.

सुरुवात घरूनच करावी. शौचाला रक्त पडले तर कोणालाही सांगू नये. कालच्या मिसळीला दोष द्यावा आणि रविवारी पुन्हा मिसळ खावी. मूळव्याधीच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत नुसते रक्त पडते, दुसरीत कोंब बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसरीत तो बोटाने ढकलावा लागतो आणि चौथीत ढकलूनही जात नाही. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर सर्जनकडे गेल्यास आपले मोठे नुकसान होते. ते पाणी, पालेभाज्या आणि इसबगोल सांगतात, संडासात मोबाइल नेऊ नका म्हणतात, आणि फार तर ओपीडीतच कोंबाच्या मुळाशी रबराचे बारीक कडे बसवतात. त्या भागात वेदना फारशा कळत नसल्याने बहुधा भूलही द्यावी लागत नाही, आणि रक्तपुरवठा तुटलेला कोंब काही दिवसांत गळून पडतो. या कामी विमा कंपन्या आपल्याला मोलाची साथ देतात: ओपीडीतल्या उपचाराचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. तेव्हा कड्याचे थोडे पैसे वाचवावेत आणि चौथ्या पायरीची धीराने वाट पाहावी.

रक्त मूळव्याधीचेच आहे, हा निर्णयही स्वतःच घ्यावा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते, म्हणून डॉक्टर दुर्बिणीने तपासू म्हणतात. पण दुर्बीण कोठून घालणार हे कळल्यावर सभ्य माणसाने पुढचे काही ऐकून घेऊ नये.

या मधल्या काळात एखादी आरोग्य पॉलिसी घ्यावी. मूळव्याधीसाठी बहुधा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तोवर तिच्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत, आणि २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे तो तीन वर्षांपर्यंतच ठेवता येतो. अर्जात ‘पूर्वीचा काही आजार?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे सुवाच्य अक्षरात लिहावे. मग शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, सगळी लाज गळून पडलेली असताना, केसपेपर लिहिणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरला मोकळेपणाने सांगावे की हा त्रास गेली सहा वर्षे आहे. तो ते इमानदारीने लिहून घेतो. विमा कंपनी इतर कागद चाळते, हे पान मात्र वाचते.

शस्त्रक्रियेचा प्रकार निवडताना यंत्राकडे पाहावे, आजाराकडे नाही. मिलिगन आणि मॉर्गन या लंडनच्या सर्जनांनी १९३७ साली मांडलेली कोंब कापून काढण्याची पद्धत आजही सर्वत्र वापरात आहे, पण जी गोष्ट आजोबांच्या काळची ती प्रतिष्ठेची कशी असणार? दुसऱ्या पद्धतीतला स्टेपलर, म्हणजे आतला भाग कापून तेथेच टाचे घालणारे उपकरण, एकदा वापरून टाकून द्यायचा असतो आणि बिलात त्याची स्वतंत्र, ठसठशीत ओळ येते. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. स्टेपलरने सुरुवातीचे दिवस कमी दुखते, पण दोन वर्षांचा हिशोब केला तर जुन्या पद्धतीचे रुग्ण अधिक बरे राहतात, त्यांचा त्रास कमी वेळा उलटतो आणि खर्चही कमी येतो, असे तिच्यात आढळले. ही माहिती घेऊन डॉक्टरांना प्रश्न विचारू नयेत. निवडक रुग्णांना स्टेपलरचा किंवा लेसरचा खरोखर उपयोग होतो. आपण त्यांपैकी आहोत का, हे विचारण्यासाठी ‘माझी पायरी कोणती?’ असा प्रश्न तोंडातून काढावा लागेल, आणि तो तर आपण काढणारच नाही.

आता खोली. येथे घाई करू नये, कारण खरी कमाल येथेच आहे. समजा, आपला विमा तीन लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. अशा दुखण्यात शेजारी परका पेशंट नको, म्हणून आपण ६,००० रुपयांची स्वतंत्र खोली घ्यावी आणि मनाशी हिशोब करावा की एका दिवसाचा प्रश्न आहे, वरचे ३,००० आपण भरू. विमा कंपनी असा कोता विचार करत नाही. आपण हक्काच्या दुप्पट खोली घेतली, म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि परिचर्या यांच्या शुल्काचाही निम्माच भाग ती देते. हे शुल्क ८०,००० असेल तर ४०,००० आपले. औषधे, तपासण्या आणि स्टेपलरसारखी उपकरणे या कपातीतून नियमाने वगळलेली आहेत, परंतु कपातीच्या कागदावर ती वगळली आहेत का हे तपासण्याचा क्षुद्रपणा करू नये. शिवाय खोली दिवसाला ५,००० रुपयांहून महाग असल्याने पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३०० रुपये. एका रात्रीच्या एकांताची ही किंमत आहे, आणि त्या एकांतात रात्रभर पालथे झोपायचे असते.

उरलेली रक्कम विम्यातून सहसा न मिळणाऱ्या ६८ वस्तूंच्या यादीतून येते. हातमोजे, मास्क, किडनी ट्रे, डायपर, मिनरल वॉटर यांचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत. तपशील न दिलेले कोणतेही ‘किट’ही त्याच यादीत आहे, म्हणून बिलात ‘किट’ दिसल्यास आत काय होते असे विचारू नये. सर्जनने हातमोजे घातले होते, एवढे समाधान पुरेसे आहे.

महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी दरपत्रक लावले पाहिजे, असे २०२१ चे नियम सांगतात. ते वाचण्यासाठी भिंतीपाशी उभे राहिले तर लोक काय म्हणतील? जिल्हा रुग्णालयाची वाट तर धरूच नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, आणि फुकट झालेल्या ऑपरेशनची किंमत चारचौघांत सांगता येत नाही.

अर्थात ती अशीही सांगता येणार नाही, कारण कार्यालयात आपण मुतखडा झाल्याचे कळवलेले असते. दहा-बारा दिवसांनी, टबातल्या कोमट पाण्यात दिवसातून तीनदा बसण्याचा सराव झाल्यावर, आपण कामावर रुजू व्हावे. हिशोब विभागातले जोशी गेले वर्षभर प्रत्येक बैठकीला उभेच असतात, आणि खुर्चीवर टेकलेच तर एका मांडीवर टेकतात. ते दुपारी जवळ येतील, दोन्ही बाजूंना पाहतील आणि हलक्या आवाजात म्हणतील, “साहेब, मलाही जरा मुतखड्याचाच त्रास आहे. तुमचे डॉक्टर कोण?”

आपण त्यांना मुतखड्याच्या डॉक्टरांचा नंबर द्यावा.