दहा गेमची यादी आणि चारचौघांतली अब्रू

नाशिकच्या कॉलेज रोडवर मिसळ सांगून झालेली असते, पापड आलेला असतो, रश्श्याचा पत्ता नसतो. अशा वेळी कोणीतरी विचारतंच, ‘तुझे ऑल टाइम फेव्हरेट गेम कुठले रे?’ इथे खरं बोलून चालत नाही. ज्याच्यात वर्षं गेली तो गेम यादीत घालायचा नसतो. ज्याचं नाव घेतल्यावर समोरचा पापड मोडायचा थांबतो, तो घालायचा.

पहिला नंबर ‘ऑकारिना ऑफ टाइम’ला द्या. १९९८चा, निन्टेंडो ६४चा. सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत हे मशीन कोणाच्या घरी होतं ते शोधायला कोणी जाणार नाही. फक्त एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘वॉटर टेंपलमध्ये लोखंडी बूट घालायला-काढायला दर वेळी मेन्यू उघडावा लागायचा, वैताग नुसता.’ हे म्हणताना कपाळावर हात मारा. दुसरा २०११चा ‘डार्क सोल्स’. तो कधी पूर्ण केला हे सांगू नका. ‘सुरुवातीलाच चुकून कबरस्तानाकडे गेलो आणि सांगाड्यांनी धुतलं’ एवढं सांगा. बहुतेक सगळे आधी तिकडेच जातात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. बाकीच्या पाच-सहा जागा अशाच भरा.

खरी मेहनत आहे ती लपवण्यात.

टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची ती ‘९९९९ इन १’ची कॅसेट यादीच्या आसपासही दिसता कामा नये. तिच्यात गेम मोजून काही डझन; बाकी तेच, फक्त दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. शिवाय तिचं नाव काढलं की फुंकर निघते, आणि फुंकरीने कॅसेट चालायची यावर तुमचा अजून विश्वास आहे हे उघडं पडतं. चालायची ती काढून परत घट्ट बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट पिना गंजायच्या. माळ्यावर कॅसेट असेलच तर कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. हे रात्री, दार लावून करा.

बदकांच्या गेमचं पिस्तूल मात्र टाकून दिलंत तरी हरकत नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि पिस्तुलातला सेन्सर तो उजेड टिपतो. ही सगळी वेळ जुन्या डब्बा टीव्हीच्या हिशेबाने बांधलेली आहे. नव्या एलईडीवर चित्र उशिरा येतं, आणि नेम चुकल्यावर हसणारा गेममधला कुत्रा हसतच राहतो.

१९८५चा ‘सुपर मारिओ’ घालायचा असेल तर ‘कितीदा तरी संपवलाय’ असं बिनधास्त सांगा. १-२च्या, म्हणजे पहिल्या जगातल्या दुसऱ्या लेव्हलच्या, शेवटी छतावरून पळत बाहेरच्या पाइपच्या पुढे जायचं, तिथून थेट ४-१. ४-२मध्ये विटेत दडलेली वेल चढायची की आठवं जग. बत्तीसपैकी आठ लेव्हल खेळायच्या आणि राजकन्या सोडवायची. याला संपवणंच म्हणतात.

‘प्रोजेक्ट आयजीआय’बद्दल दुःख झालं तरी गप्प राहा. त्यात मिशनच्या मध्ये सेव्ह नव्हतं. शेवटच्या टॉवरपाशी लाइट गेली की पुन्हा पहिल्या कुंपणापासून. गेम बनवणाऱ्यांनी लोडशेडिंग पाहिलेलं नसावं. ‘व्हाइस सिटी’ चालेल, पण खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या मिशनचा विषय काढू नका, नाहीतर तुम्ही हमखास शिकवायला लागाल: घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं, म्हणून आधी पात्यांनीच सगळे मजले मोकळे करायचे, मग बॉम्बला हात लावायचा. झुकवायच्या कळा नंबरपॅडवर, म्हणून छोट्या लॅपटॉपवाले तिथेच अडकतात. झालं! ‘ऑकारिना’वाला माणूस इतका तपशील कुठून आणेल?

सगळ्यात धोकादायक दोघांनी मिळून खेळायचा ‘काँट्रा’. धबधब्याच्या स्टेजला एक जण भराभर वर चढला की पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. त्यात स्वतःच्या लाइफ संपल्या की दुसऱ्याच्या वापरता येतात. म्हणजे थोरल्या भावाने आधी तुम्हाला मारायचं आणि मग तुमच्याच लाइफवर खेळायचं, अशी सोयच होती. हा हिशेब मिसळीच्या टेबलावर उकरू नका, भाऊ समोरच बसलेला असतो.

आणि कोणी सहज ‘वर, वर, खाली, खाली’ म्हणालं, म्हणजे ‘काँट्रा’त जादा लाइफ मिळवायचा कोड सुरू केला, तर पाव तोंडात कोंबा. पुढचं ‘डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए’ तोंडातून निघालं की पहिले सहा नंबर पाण्यात गेले. नाहीच राहवलं, तर निदान नीट सांगा: दोघं खेळणार असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट.