फरमार्क दहा मिनिटं चाललं म्हणजे कार्ड पास झालं नाही भो

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला चोपड्याहून मामाच्या पोऱ्याचा फोन, "दादा, व्हॅलोरंट गेम चालू केला की स्क्रीन काळी होते, कार्ड गेलं का रे?" कार्ड म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स 3060, 12 जीबीवालं, सेकंडहँड, मामानं केळीची पट्टी आली तेव्हा घेऊन दिलेलं. काय केलं विचारलं तर त्यानं तोच मेसेज पाठवला जो मला आधीच तीन ग्रुपवर आला होता. कंपनी कार्डाची 30 टक्के ताकद लॉक करून ठेवते, आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग वाढवायचं, म्हणजे ओव्हरक्लॉकचं सॉफ्टवेअर) कोअर म्हणजे चिपचा क्लॉक +200, मेमरी +1200, पॉवर लिमिट फुल्ल करा, फरमार्क (कार्डावर जड लोड टाकणारा प्रोग्राम) 10 मिनिटं चाललं की कार्ड स्टेबल, उन्हाळ्याचं टेन्शन नको कार्ड स्वतःला सांभाळतं, अन् वरून 3060 टीआय या वरच्या कार्डाचा बायोस (कार्डातली आतली फाइल) टाकला की कार्ड टीआय होतं. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, दीडपट.

लॉकचं आधी. कागदावर 3060 चा बूस्ट क्लॉक 1777 मेगाहर्ट्झ आहे, पण कार्ड थंड असलं अन् वॅट शिल्लक असले की ते आपोआप 1900 च्या आसपास जातं. ही सोय एनव्हिडियानं 2012 मध्ये जीटीएक्स 680 पासून दिलीय. म्हणजे कंपनी बरंचसं आधीच काढून देते. थोडी जागा उरते, हे मी मान्य करतो, +100 नं 60 चे 63 एफपीएस होतील. दीडपट नाही होत. आणि प्रत्येक चिप वेगळी असते, एकाला +200 झेपतं तर दुसरं +90 लाच पडतं.

आता फरमार्क, कारण पोऱ्या यालाच फसला. 3060 ला 170 वॅटची मर्यादा आहे. फरमार्क इतकं जड आहे की कार्ड लगेच त्या मर्यादेला टेकतं अन् तिच्या आत राहायला क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही खाली आणतं. त्याला फोनवरच ग्राफ बघायला लावला, फरमार्कमध्ये क्लॉक 1600 च्या खाली, अन् व्हॅलोरंटमध्ये 2070! म्हणजे त्यानं +200 टाकून जो वरचा क्लॉक मिळवला त्याची परीक्षा फरमार्कनं घेतलीच नाही, हलका गेम लागला की कार्ड सरळ तिथे चढतं आणि तिथेच पडतं. पॉवर लिमिट फुल्ल केलं तरी थोडेच वॅट वाढतात, फरमार्क तेही खातं. आणि हे काही मी शोधून काढलेलं नाही, नोव्हेंबर 2010 मध्ये जीटीएक्स 580 आलं तेव्हा एनव्हिडियाचा ड्रायव्हरच फरमार्क आणि तसलंच ओसीसीटी ओळखून कार्ड हळू करत होता, तेव्हाच्या रिव्ह्यूंमध्ये ते छापून आलंय. जो प्रोग्राम चालू असताना कंपनी स्वतः कार्डाला आवरत होती त्याच्यावर तुम्ही पास-नापास ठरवता? थ्रीडीमार्क या टेस्टिंग प्रोग्रामची स्ट्रेस टेस्ट लावा, तोच सीन 20 वेळा चालतो आणि फ्रेमरेट 97 टक्के स्थिर राहिला तरच पास. त्यानंतरही आठवडाभर आपले नेहमीचे गेम खेळून बघा, नुसता ॲव्हरेज नका बघू, एक टक्का लो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस) बघा, गेम अडकतो ते तिथे दिसतं.

उन्हाळ्याचं वाचून मला खरंच राग आला. असल्या सेटिंगचे व्हिडिओ टाकणारे एसीच्या खोलीत 24 अंशाला टेस्ट करतात. तिथे कार्ड 64 वर राहिलं तर खोलीपेक्षा 40 जास्त, आणि तो फरक साधारण तेवढाच राहतो. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पत्र्याच्या खोलीत 42 असतं, म्हणजे कार्ड 82, अन् 83 च्या आसपास ते क्लॉक उतरवायला लागतं. ओव्हरक्लॉक तिथेच संपला. त्यात शेजारी जिनिंग, कापसाची लव हीटसिंकमध्ये नमद्यासारखी बसते. कार्ड स्वतःला सांभाळतं हे चिपपुरतं खरं आहे, पण 3060 वर मेमरीचं तापमान आपल्याला दिसतच नाही, आणि सेकंडहँड कार्डाचे थर्मल पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंकला देणाऱ्या पट्ट्या) कोणत्या अवस्थेत आहेत कोणाला माहीत.

मेमरी +1200 म्हणजे सेकंदाला 15 चे 17.4 गिगाबिट. मेमरी चुका करायला लागली की क्रॅश न होता तोच डेटा परत पाठवला जाऊ शकतो आणि स्कोअर उलट घटतो, आनंदटेक या वेबसाइटनं 2009 मध्ये रेडिऑन एचडी 5870 कार्डाच्या रिव्ह्यूत हे समजावलं होतं. पोऱ्याचा थ्रीडीमार्कच्या टाइम स्पाय टेस्टचा स्कोअर +1200 पेक्षा +800 ला जास्त आला.

बायोसचं तर पी हळद अन् हो गोरी. 3060 मध्ये जीए106 चिप, तिच्यात 3584 कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), मेमरीकडे जाणारी 192 बिटची बस. टीआयमध्ये जीए104, 4864 कोअर, 256 बिट. चिपच दुसरी आहे, फाइल टाकून कोअर उगवणार आहेत का? पूर्वी रेडिऑन एचडी 6950 चं 6970 करता यायचं, हो, पण तिथे चिप तीच होती. फ्लॅश (बायोस लिहिणं) चालू असताना लाईट गेली तर? त्याच्या रायझन 5 5600 प्रोसेसरला ऑनबोर्ड डिस्प्लेही नाही, काळ्या स्क्रीनवर दुरुस्त काय करणार? नशीब, फोन आला तोवर त्यानं ते केलं नव्हतं.

आता त्याचं कार्ड पॉवर लिमिट 85 टक्के, कोअर +75, मेमरी +500 वर आहे. तापमान 7 अंशांनी उतरलं, दुपारीही व्हॅलोरंट चालतं. हे आकडे त्याच्या कार्डाचे आहेत, तुम्ही कोअर 25-25 नं वाढवत तुमचे काढा.